ओव्हाळबाईंच्या गाणाऱ्या बाया

सुनंदा ओव्हाळ स्टाफरूममध्ये कधी बसायची नाही. तिला खुर्ची होती. त्या खुर्चीवर तिची पर्स बसायची, आणि ती स्वतः कप हातात धरून खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची. चहा पीत पीत वह्या तपासायची, तेही उभ्यानं, कपाटाच्या कडेला वही टेकवून. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "ओव्हाळबाई, जरा टेका की. बघून आम्हांला दमायला होतं."

ती म्हणाली, "सर, बसलं की मला वाटतं, मला मागं ठेवून कुणीतरी निघून चाललंय."

सर हसले. ती हसली नव्हती.

आमची शाळा चिंचवडची. मुलं बहुतेक कारखान्यांतल्या कामगारांची, थोडी कारकुनांची. मी मराठी शिकवायचे, ती चित्रकला. साठचं दशक संपता संपता ती आमच्याकडे आली तेव्हा तिची पंचविशीही उलटली नसावी. सावळी, उंच, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज इतका मोठा की नवीन माणसाला वाटायचं, बाई भांडतायत. मी तिच्याहून वयानं बरीच मोठी, त्यामुळे मी तिला नावानं हाक मारायचे. ती मला शेवटपर्यंत कुलकर्णीबाईच म्हणत राहिली.

आवाजाचं कारण मला तिच्या घरी गेल्यावर कळलं. कासारवाडीला रेल्वेलाइनच्या कडेला दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील राहायचे. आई ती शाळेत असतानाच गेली होती. वडिलांना सगळे आबा म्हणत. मूळचे देहूरोडपलीकडच्या एका गावातले, तरुणपणी शेतमजुरी केलेले, मग कारखान्यात लागलेले. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य घणाच्या खात्यात गेलं. लालभडक लोखंडावर दिवसभर घण पडायचा, आणि त्या आवाजानं आबांचे कान हळूहळू गेले. निवृत्त झाले तेव्हा त्यांना बाजूनं जाणारी आगगाडीसुद्धा ऐकू येत नव्हती, भांडी हलायला लागली की ते म्हणत, "गाडी आली."

त्यांच्याशी बोलताना सुनंदा त्यांच्या तोंडासमोर जायची आणि एकेक शब्द मोठ्यानं सोडायची. ती सवय घराबाहेरही तशीच राहिली.

तिच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानात मिळालेलं, पुठ्ठा गेलेलं, पहिली पानंही गेलेली. आत शंभरएक वर्षांपूर्वीच्या विलायती चित्रकारांची रंगीत चित्रं होती, सगळी पुराणातली. त्यांतही समुद्रातल्या बायांची चित्रं तिनं वेगळी काढून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. कुणी खडकावर बसून केस विंचरतेय, कुणी लाटेतून अर्धी वर आलीय, कुणी बुडणाऱ्या खलाशाच्या गळ्यात हात टाकतेय. ही चित्रं ती वर्गात घेऊन जायची आणि गोष्ट सांगायची. मी एकदा बाजूच्या वर्गात होते. तिचा आवाज असा की माझी मुलंही तीच गोष्ट ऐकत बसली, शेवटी मीही धडा बंद केला.

"ग्रीक लोकांच्या पुराणात," ती सांगत होती, "समुद्रातल्या एका खडकावर काही बाया राहायच्या. त्या गायच्या. गाणं असं की ऐकलं की खलाशी जहाज तिकडंच वळवायचे आणि खडकावर आपटून बुडायचे. एका कप्तानानं युक्ती केली. खलाशांच्या कानांत मेण भरलं आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं. कारण त्याला वाचायचंही होतं आणि ऐकायचंही होतं."

"बाई, त्या बायांना काय म्हणतात?"

"सायरन."

सगळा वर्ग हसला. एक मुलगी म्हणाली, "बाई, सायरन म्हणजे कंपनीचा भोंगा."

"तोही सायरनच. काय म्हणतो तुमचा भोंगा?"

"या म्हणतो."

"आणि शिफ्ट सुटताना?"

"जा म्हणतो."

"मग एवढाच फरक," सुनंदा म्हणाली. "माझ्या बाया जा असं कधीच म्हणत नाहीत. आता वह्या काढा. त्या काय गात असतील, त्याचं चित्र काढायचं. बाईचं नाही, गाण्याचं."

त्या तासाला मुलांनी जेवणाची ताटं काढली, गावाकडची घरं काढली, एकानं खाट आणि तिच्यावर झोपलेला बाप काढला. सुनंदानं ते चित्र बराच वेळ हातात धरलं होतं. दुपारी ती मला म्हणाली, "कुलकर्णीबाई, माझ्या बापाच्या कानांत कंपनीनं मेण भरलं ते भरलं. पण त्याच्यासमोर गायला तरी कुठं कोण होतं?"

या चित्रांवर तिचा जीव होता आणि रागही. असं दोन्ही एकाच वेळी मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पाहिलं नाही. ती मला सांगायची की अगदी जुन्या मडक्यांवर या बाया पक्षी आहेत. पंख, नख्या, फक्त तोंड बाईचं. जगात जे जे घडतं ते सगळं त्यांना माहीत असतं आणि तेच त्या गातात. खलाशी तेच ऐकायला जातात. "आणि ह्या विलायती चित्रकारांनी काय केलं बघा," ती पुठ्ठ्यावर बोट आपटायची. "पिसं काढली, मासळीची शेपटी लावली. शहाणपण काढून घेतलं आणि हातात कंगवा दिला. सगळ्यांचं तोंड एकच, वय एकच. एकीच्या तरी हाताला घट्टा आहे का?"

"मग टाकून दे ते पुस्तक."

"कसं टाकू? पाणी कसलं रंगवलंय. ओल्या खांद्यावरचा हा उजेड बघा. चिडते आणि परत बघते."

वस्तीत तिला मान होता. बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत मागचा मोठा पडदा सुनंदाच रंगवणार, हे ठरलेलं. तिनं काढलेल्या बुद्धाच्या चेहऱ्यासमोर म्हाताऱ्या बायका हात जोडून उभ्या राहायच्या. तिला त्याचा आनंद होता, पण समाधान नव्हतं. एकदा पडदा रंगवतानाच म्हणाली, "मिटलेले डोळे मला जमतात. मला उघड्या डोळ्यांच्या आणि उघड्या तोंडाच्या बायका काढायच्यात. त्याला कुणी भिंत देत नाही."

भिंत मिळाली ती अचानक. आबा ज्या कंपनीत होते, तिनं कामगारांच्या कॉलनीत पोहण्याचा टँक बांधला. त्याच्या एका बाजूला उंच लांबलचक भिंत होती. कामगार कल्याण अधिकारी दामले शाळेत आले ते हातात एक कॅलेंडर घेऊनच. त्यावर गुलाबी गालांची एक जलपरी होती.

"अशा चार-पाच काढायच्या, बाई. हसऱ्या. वातावरण प्रसन्न राहील."

सुनंदानं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, "काढते. तोंडं माझ्या मनानं काढीन."

दामल्यांना त्यात हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत काम सुरू झालं. रंग कंपनीच्याच पेंट शॉपमधून आला. त्यामुळे त्या बायांच्या शेपट्यांना, रस्त्यावर धावणाऱ्या टेंपोचा जो हिरवा, तोच चकचकीत हिरवा रंग मिळाला. आबा रोज तिच्याबरोबर जायचे आणि उपड्या पिंपावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाकलायचे. मी दोन-तीनदा डबा घेऊन गेले. एकदा मला तिनं उन्हात उभं केलं आणि म्हणाली, "कुलकर्णीबाई, आ करा. डॉक्टरसमोर करतात तसा नाही. लांबच्या माणसाला हाक मारतात तसा." त्या भिंतीवर अगदी कडेला मीही होते. घरी मी कुणाला सांगितलं नाही.

बाकीच्या कोण होत्या ते कॉलनीत लगेच ओळखलं गेलं. दवाखान्यातली नर्स होती, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी बाई होती, मधोमध सुनंदाची आई होती, जशी तिला आठवत होती तशी. आणि एक होती पारूबाई. ती निघोजे गावची, डोक्यावर पाटी घेऊन कॉलनीत भाजी विकायची. ती पाटी खाली न ठेवताच भिंतीसमोर उभी राहिली.

"ही मीच हाय व्हय?"

"तूच आहेस मावशी."

"त्वांड केवढं उघडं ठिवलंस माझं. भाजी घ्या म्हनून वराडत्ये जणू."

"तेच गाणं आहे."

पारूबाईनं जरा वेळ बघितलं. "मंग ठीक हाय," ती म्हणाली. "त्ये मला येतं."

समोरून जहाज येत होतं. त्यावरच्या माणसांच्या अंगात निळे डगले होते, कारखान्यात घालतात तसे. त्यांच्या कानांत काही घातलेलं नव्हतं. भिंत पुरी झाली त्या दिवशी आबा पिंपावरून उठले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. परत येऊन त्यांनी विचारलं, "बाया गात्यात व्हय?"

सुनंदानं मान हलवली.

"काय म्हन्त्यात?"

ती त्यांच्या तोंडासमोर गेली. "तुम्हांला बोलावतायत, आबा."

आबांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "त्यास्नी सांग," ते म्हणाले, "आता रिटायर झालोय. आता यायला जमंल."

उद्घाटनाला मोठे साहेब आले, हार झाले, टाळ्या झाल्या. दामले सुनंदाला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, काम सुंदर आहे. फक्त या जरा, कसं सांगू, आपल्या घरातल्यासारख्या वाटतात."

"हो," ती म्हणाली.

पुढं महिन्याभरातच ते झालं. बळीराम नावाचा एक ॲप्रेंटिस होता, मराठवाड्यातून आलेला, विशीचा. त्याला पोहता येत नव्हतं, पण मित्रांनी डिवचलं म्हणून त्यानं खोल बाजूला उडी मारली. वर आलाच नाही. मित्रांतल्या एकानं कसाबसा ओढून काढला तेव्हा तो बेशुद्ध होता. पोटातलं पाणी काढलं, दवाखान्यात नेला. वाचला, पण दोन दिवस सगळ्या कॉलनीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तो शुद्धीवर येण्याआधीच बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, भिंतीवरच्या बायांनी ओढला. कुणी म्हणालं, त्यांत एक मेलेली बाई काढलीय, ती कशी चालेल. शिकलेली माणसंही म्हणायला लागली की आमचा विश्वास नाही, पण उगीच कशाला. कॉलनीच्या हॉलमध्ये सभा झाली. सुनंदाला बोलावलं होतं, तिच्याबरोबर मी गेले. सगळे बसले होते, ती मागं भिंतीशी उभी होती.

दामले म्हणाले, "बाईंचा हेतू चांगलाच होता. पण लोकांच्या भावना लक्षात घेता चित्र पुसलेलं बरं."

"मी बोलू का?" सुनंदा म्हणाली. "भिंतीवर बाया होत्या, खरं आहे. काठावर माणूस होता का? बुडणाऱ्याला काढायला एक पोहणारा माणूस टँकवर नेमायचा असतो. तो नव्हता. त्या पोराला कुणी ओढला नाही. त्याला कुणी धरला नाही."

मागच्या रांगेतला एक कामगार म्हणाला, "बाई बरोबर बोलतायत, राव." पण त्याच्या शेजाऱ्यानं त्याचा शर्ट ओढला.

त्याच आठवड्यात भिंत पांढरी झाली. शाळेच्या समितीवर कंपनीचा एक माणूस होता; त्यानं मुख्याध्यापकांमार्फत निरोप पाठवला की बाईंनी सभेतल्या बोलण्याबद्दल माफी मागावी. सुनंदानं मागितली नाही. मुख्याध्यापकांनी प्रकरण कसंबसं निभावून नेलं, पण पुढं तिची नोकरी होती तिथंच राहिली. तिच्या मागून आलेले पुढं गेले.

भिंत पुसताना ती बघायला गेली नाही. आबा जाऊन आले. ते घरी येऊन म्हणाले, "भिंत लई मोठी दिसाय लागली." त्या संध्याकाळी सुनंदा रेल्वेलाइनच्या कडेनं पिंपरीपर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. मला वाटलं, आता ही नोकरी सोडणार, गाव सोडणार.

पण मग बळीराम तिच्या घरी आला. दवाखान्यातून सुटल्यावर पेढे घेऊन आला होता, ओशाळलेला. "बाई, माझ्यामुळं तुमचं चित्र गेलं." मी तिथंच होते. सुनंदानं त्याला चहा दिला आणि विचारलं, "खाली काय दिसलं तुला?"

"काहीच नाही बाई. हिरवं हिरवं."

"आणि ऐकू काय आलं?"

"माझं नाव," तो म्हणाला. "पोरं वरून ओरडत होती. पण खाली ते लई लांबून येतं. वाटतं, ज्यानं हाक मारली त्याच्याकडं जावं, आणि कुठल्या बाजूला ते कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सुनंदा दामल्यांच्या ऑफिसात गेली. चित्राचा विषयही काढला नाही. म्हणाली, कॉलनीतल्या बायकांना पोहायला वेळ ठरवून द्या, आणि शिकवायला माणूस द्या.

दामले त्यावेळी बहुधा तिचं काहीतरी मान्य करायला टपलेलेच होते. त्यांनाही सभेनंतर झोप नीट लागत नसावी. त्यांनी माणूस नेमला. हवालदार मोरे, देहूरोडला सैन्यातून निवृत्त झालेले, मिशाळ आणि भिडस्त. बायकांसाठी दुपारची वेळ ठरली. पहिल्या दिवशी नर्स आली, कॅन्टीनवाली आली, आणखी चार-पाचजणी आल्या, कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी जुन्या लुगड्याचा काचा मारून. मी काठावर बसून पाय पाण्यात सोडले. त्यापुढं मी कधीच गेले नाही.

मोरे हवालदार आले, आणि बायका पाण्यात उतरताहेत म्हटल्यावर त्यांनी पाठ फिरवली. तिकडं तोंड करूनच ते शिकवायला लागले. "हात पुढं. पाय मारा. श्वास सोडा."

"मोरे," सुनंदा पाण्यातून म्हणाली, "आम्ही काय करतोय ते दिसतंय का तुम्हांला?"

"न्हाई बाई."

"कुणी बुडालं तर?"

"हाक मारा. मी वळतो."

"बुडणारीला हाक मारता येत नाही, मोरे. वळा. आम्ही तुमच्या बहिणी आहोत."

मोरे वळले. मान मात्र त्यांनी कितीतरी दिवस खालीच ठेवली.

सगळ्यांत आधी नर्स तरंगली. सगळ्यांत शेवटी सुनंदा. तिला पाण्यावर सैल पडताच यायचं नाही, हातपाय गप्प राहायचे नाहीत. मोरे म्हणायचे, "बाई, पाण्याशी भांडू नका, त्ये काय ऐकत न्हाई." पण एकदा जमल्यावर ती खालीच जायची. श्वास धरून तळाशी, आणि मग आम्हांला वरून तिच्या नावानं ओरडायला लावायची. वर आली की विचारायची, "आता कोण ओरडलं? कुठून ओरडलं?" तिचं उत्तर बहुतेक चुकायचं. चुकलं की पुन्हा खाली जायची. मला ते बघवायचं नाही. एकदा मी रागावले, तर पाणी निथळत काठाशी आली आणि म्हणाली, "कुलकर्णीबाई, आबा रोज असेच असतात. मला कळायला नको?"

कॉलनीतल्या बऱ्याच बायका आणि त्यांच्या मुली त्या दुपारच्या वेळेत पोहायला शिकल्या.

आबा गेले ते आणखी काही वर्षांनी, झोपेत. माणसं भेटायला येत होती, सुनंदा उठबस करत होती, कुणाला पाणी, कुणाला चहा. सगळे गेल्यावर ती माझ्याशी बोलायला लागली आणि मधेच थांबली. आपण ओरडून बोलतोय हे तिच्या लक्षात आलं होतं. "आता एवढ्या मोठ्यानं कुणाशी बोलायचं?" तिनं विचारलं. तेव्हापासून तिचा आवाज उतरला. वर्गात मुलं गडबड करायला लागली.

ऐंशी साल उलटलं होतं. उन्हाळ्याच्या सुटीच्या आधी तिनं राजीनामा दिला. रत्नागिरीकडच्या एका शाळेत जागा मिळाली होती. कुणी विचारलं, समुद्रासाठी का, तर ती म्हणाली, "नाही. तिथं कुणी ओळखत नाही म्हणून." त्यानंतर आमची भेट झाली नाही. तिला मी शेवटचं पाहिलं ते मुंबईत, ती जायच्या थोडं आधी.

तिला कुणीतरी सांगितलं होतं की फोर्टात एका जुन्या संस्थेच्या हॉलमध्ये, कुणा शेठजीनं देऊन टाकलेल्या चित्रांत, तसलं एक खरं चित्र आहे. छापलेलं नाही, तैलरंगातलं, त्याच काळातलं. आयुष्यभर तिनं पुस्तकातलीच चित्रं पाहिली होती. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं गेलो. हॉल रिकामा होता, उंच छत, वर संथ फिरणारे पंखे, आणि एका स्टुलावर खाकी कपड्यांतला पहारेकरी.

चित्र मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. वार्निश पिवळं पडलेलं, बारीक भेगा गेलेल्या. खडकावर बसलेली बाई, कमरेखाली शेपूट पाण्यात गेलेली, लांब धुक्यात एक शीड. सुनंदा आधी लांबून बघत होती, मग जवळ गेली, मग इतकी जवळ की पहारेकरी उठून आला.

"बाई, मागं व्हा. हात लावायचा न्हाई."

"हात नाही लावत," ती म्हणाली. ती खाली वाकली, मान वाकडी करून खिडकीतला उजेड चित्रावर आडवा पडेल असं बघायला लागली. बऱ्याच वेळानं तिनं मला बोलावलं. "कुलकर्णीबाई, इथं. शेपटीकडं बघा. खवल्यांच्या खाली."

मला आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. हिरव्या रंगाच्या आत, अगदी फिकट, मांडीची एक रेघ होती. तिच्याखाली पोटरी. आणखी खाली, पाण्यात, टाच.

"त्यानं आधी पाय काढले होते," सुनंदा म्हणाली. "समोर खरी बाई बसवली असणार, पाय दुमडून. ते पुरे रंगवले आणि मग वरून शेपूट चढवली. शंभर वर्षांत वरचा रंग विरला. म्हणजे ही त्याच्याकडं चालत आली होती, कुलकर्णीबाई. आणि बसणं झाल्यावर चालत घरी गेली असेल."

तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला होता. हॉलच्या दुसऱ्या टोकाला दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्या वळून बघायला लागल्या, तर सुनंदानं त्यांनाही हाक मारून बोलावलं. पहारेकऱ्यालाही बोलावलं.

मला परतीची गाडी गाठायची होती. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी येते मागून." दाराशी पोचल्यावर मी वळून पाहिलं. मुली चित्राजवळ वाकल्या होत्या. पहारेकरी टोपी हातात घेऊन उकिडवा बसला होता आणि चित्राकडे एकटक बघत होता.

"व्हय की," तो म्हणाला, "हितं गुडघा हाय."

सुनंदा तोवर पुढच्या चित्रापाशी पोचली होती.